मदत हवी आहे: पांझरेच्या नकाशात तीन ठिकाणं अडली आहेत

रामराम मंडळी. पिंपळनेरकडच्या डोंगरातून मुडावदच्या तापी संगमापर्यंत पांझरा नदीचा हाती काढलेला नकाशा तयार होतोय, १:५०,००० मापाचा. साक्री, अक्कलपाडा, धुळे हा पूर्वेकडे जाणारा भाग सोपा आहे. तिथे फक्त कान नदीचा संगम हवा: उन्हाळ्यात, अक्कलपाडा धरणाचं पाणी उतरल्यावर, दोन्ही पात्रं नेमकी कुठे एक होतात?

खरी अडचण धुळ्याच्या पुढे. नदी वळून उत्तरेला लागते आणि तापीला समांतर गेलेली डाइकची (भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या दगडी भिंतींची) रांग फोडून जाते. ती फट कोणत्या गावाच्या शिवारात आहे? उपग्रहाच्या चित्रात डाइक म्हणजे सरळ काळी रेघ, पण बांध आणि गाडवाटही तशाच दिसतात. जागेवर ओळखायची खूण अशी: दगडाचे खांब आडवे पडलेले, रचलेल्या सरपणासारखे. लाव्हा भेगेत शिरून दोन्ही बाजूंनी थंड झाला की तडे भिंतीला काटकोनात जातात, म्हणून. फोटो टाकाल तर शेजारी काठी ठेवा, नाहीतर रुंदी कळत नाही.

तिसरं, फडाचे बंधारे, म्हणजे नदी अडवून पाटाने फडांना (गावच्या शेतांच्या गटांना) पाणी देणारे जुने बंधारे. जुन्या याद्यांवर विसंबता येत नाही; गाळ भरून पाटाचं तोंड बुजलं की बंधारा दिसतो, पण पाणी फडात जात नाही. आपल्या गावचा पाट यंदा वाहिला का, आणि तो डाव्या काठाला आहे की उजव्या, एवढं लिहा. काठ ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेने ठेवा.