दवाखान्याचं सॉफ्टवेअर: आत शिरायला सगळे शिकवतात, बाहेर कसं पडायचं?

कराडचा फिजिशियन (धागाकर्ता)

बारा वर्षांत दोन सॉफ्टवेअर सोडली, तिसरं शोधतोय. ओपीडी सकाळ-संध्याकाळ मिळून साठ-सत्तर, त्यातले निम्मे बीपी-शुगरचे जुने पेशंट. मी, रिसेप्शनवर एक ताई आणि एक कंपाउंडर, एवढाच कारभार.

पहिलं २०१४ साली घेतलं, ओळखीतल्या एका मुलाने बनवलेलं. एकरकमी पैसे, वर्षाला देखभालीचे थोडे. छान चाललं. मग मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, मी कॉम्प्युटर बदलला आणि नव्यावर ते उघडेचना. डेटाबेसला पासवर्ड त्याचा, आणि तो त्यालाच आठवेना. खटपट करून नाव, गाव, फोन एवढं निघालं. चार वर्षांचे शुगरचे आकडे गेले ते गेलेच.

दुसरं क्लाउडवरचं, महिना भाड्याचं. भाडं दरवर्षी चढत गेलं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, सोडतो, माझा डेटा द्या. त्यांनी खळखळ न करता दिला: अकरा हजार पीडीएफ. दर पेशंटची एक. आता एखाद्या आजींचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) दोन वर्षांत कसं चढलं हे बघायचं तर मी पीडीएफ उघडून वहीत आकडे उतरवायचे. जुन्या केसपेपरची गाठोडीच ही, फक्त यांना वाळवी लागत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की दर, फीचर, रंगीत डॅशबोर्ड हे सगळं नंतर बघावं. डेमोला येणाऱ्याला आधी सांगावं, तीन खोटे पेशंट भर, प्रत्येकाच्या दोन व्हिजिट आणि एक रक्ततपासणी टाक, आणि आत्ता माझ्यासमोर ते रकान्यांसकट एक्सेलमध्ये काढून दाखव. ऑफिसला फोन न करता. 'ते आमची टेक्निकल टीम करून देते' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

दुसरी कसोटी घड्याळाची. 'तीच औषधं चालू ठेवा, महिन्याने या' ही व्हिजिट किती सेकंदांत चिठ्ठीसकट बाहेर पडते? साठ पेशंट आणि प्रत्येकी एक मिनिट जास्त, म्हणजे रोजचा एक तास गेला. डेमोत नेहमी नवा पेशंट भरून दाखवतात. माझ्याकडे दिवसाला नवे असतात आठ.

पस्तीस वर्षं पेन

डॉक्टर, दोनदा पोळल्यावर तिसऱ्यांदा हात घालताय याचं कौतुक वाटतं. माझ्याकडे गावनिहाय कप्पे आहेत. पेशंटने दारातून 'वाठार' म्हटलं की कंपाउंडरचा हात त्या कप्प्यात जातो. भाडं नाही, पासवर्ड नाही, लाइट गेली तरी बंद पडत नाही. पेशंट बोलत असतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत असतो. आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर माझ्या अक्षरातला कागद हाच माझा साक्षीदार.

चिपळूण, तळमजला

सर, तुमचा साक्षीदार मी पाण्यात बघितलाय. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी दवाखान्यात छताला टेकायला हातभर कमी होतं. ओसरल्यावर सतरा वर्षांच्या केसपेपरचा लगदा फावड्याने काढला. थोडे दोरीवर वाळत घातले, पण पेनाची शाई धुऊन गेली होती आणि कोरे कागद तेवढे वाळले.

आता डेस्कटॉपवाल्यांनीही ऐकावं. माझा कॉम्प्युटर टेबलाखाली आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच चिखलात. बॅकअप दुसऱ्या इमारतीत नसेल तर तो बॅकअप म्हणू नये. तेव्हापासून मी क्लाउडवर आहे. भाडं वाढतं, चिडचिड होते, तरी भरतो.

बायोमेडिकल आणि कायदा

'माझ्या अक्षरातला कागद' या समजुतीबद्दल. इलेक्ट्रॉनिक नोंदही पुरावा म्हणून चालते. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा तिचा संकेतांक) लिहावी लागते. तेव्हा सॉफ्टवेअर घेताना विचारा, कोणी, केव्हा, कुठली नोंद बदलली याचा माग राहतो का? मागच्या तारखेची नोंद गुपचूप बदलू देणारं सॉफ्टवेअर कागदापेक्षा वाईट. कागदावर निदान खाडाखोड दिसते.

पस्तीस वर्षं पेन

तीन वर्षं रेकॉर्ड ठेवलं की झालं ना? मग एवढी अकरा हजारांची चिंता कशाला?

बायोमेडिकल आणि कायदा

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतला तो तीन वर्षांचा नियम अ‍ॅडमिट पेशंटसाठी आहे, उपचार सुरू झाल्या दिवसापासून. मागितल्यास ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, हेही तिथेच आहे. आणि कायद्याला तीन वर्षं पुरली तरी मधुमेहाला पुरत नाहीत.

कोथरूडचा कोडर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत सहा वर्षं काढली, आता त्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो.

डॉक्टरसाहेब, तुमची अकरा हजार पीडीएफची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. आम्ही बीपीचा रकाना दिला होता, वजनाचा दिला होता, निदानासाठी यादी दिली होती. डॉक्टर काय करतात? खाली 'नोट्स' नावाचं मोठं खोकं असतं, त्यात सगळं एका दमात लिहितात: 'बीपी १५०/९०, अ‍ॅम्लो ५ चालू, पाय सुजलेत, मुलगा भांडतो'. आणि सोडताना म्हणतात रकान्यांसकट द्या. रकान्यात पडलंच नाही ते रकान्यातून काढायचं कसं?

निदानाचंही तेच. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची संकेतावली वापरायला भारतात पैसे पडत नाहीत, २०१४ पासून आपण तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सदस्य आहोत. केंद्राची ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकं २०१३ ला आली, २०१६ ला सुधारली. आम्ही यादी जोडली. पहिल्याच आठवड्यात फोन सुरू, 'ती यादी काढून टाका, वेळ जातो.' काढली. त्याच डॉक्टरांना वर्षअखेर 'माझे किती थायरॉइड पेशंट आहेत' याचा रिपोर्ट हवा होता.

आणि दर! महिन्याला हजार रुपये म्हटलं की 'फार होतात' म्हणणारे लोक आहेत. त्या पैशात सर्व्हर, बॅकअप, सुरक्षा, आणि रात्री दहाला 'प्रिंटर चालत नाही' हा फोन. प्रिंटरचा आमच्याशी संबंध नसतो हे सांगून दमलो.

कराडचा फिजिशियन

'मुलगा भांडतो' हे मीही लिहितो, कारण पुढच्या वेळी बीपी का चढलं ते तिथेच सापडतं! त्याला रकाना नसतो आणि नसावाही.

पण तुमचा मुद्दा लागला. घरी जाऊन जुन्या पीडीएफ चाळल्या. शुगर मी बऱ्याचदा नोट्समध्येच टाकलीय. गुन्ह्यात माझाही वाटा आहे. तरी औषधं तर यादीतूनच निवडत होतो की, ती का पीडीएफमध्ये कोंबली? रकाने होते, तुमच्या व्यवसायबंधूंनी दिले नाहीत. गिऱ्हाईक टिकवायची ती एक सोपी रीत आहे, एवढं कबूल करा.

कोथरूडचा कोडर

कबूल. मीटिंगमध्ये त्याला दुसरं नाव असतं.

रिसेप्शनवरची

नमस्कार. डॉक्टर मंडळी बोलतायत, पण एंट्री मी करते. नगर जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघांच्या ओपीडीला नऊ वर्षं आहे. डेमोला मला कधीच कोणी बसवत नाही. मी बाहेर गर्दी सांभाळते आणि आत सर 'हो हो, सोपं आहे' म्हणून सही करतात.

माझे प्रश्न साधे आहेत. मोबाइल नंबर टाकला की घरातले सहाही जण दिसतात का, की एका नंबरवर एकच पेशंट घेतो? एक फोन आणि अख्खं घर, हे त्या सॉफ्टवेअरवाल्यांना माहीतच नसतं. जन्मतारीख सक्तीची केली तर मी काय करू? आजोबा म्हणतात 'दुष्काळ पडला तेव्हा मी गुरं राखत होतो'. मग मी १ जानेवारी टाकते. आमच्याकडे १ जानेवारीला जन्मलेले शेकड्याने आहेत, वाढदिवसाचे मेसेज त्या दिवशी धडाधड जातात. नुसतं वय घेणारं आणि पुढच्या वर्षी आपोआप एक वाढवणारं सॉफ्टवेअर हवं.

नावाचं तर विचारूच नका. इंग्रजीत एका बाईंचं स्पेलिंग मी एक लिहिलं, सुट्टीत आलेल्या मुलीने दुसरं. एकाच बाईंच्या दोन फायली, अ‍ॅलर्जी एकीत आणि इंजेक्शन दुसरीत. नशिबाने सरांच्या लक्षात राहिलं होतं. दोन फायली एकत्र करायचं बटण आहे का, आणि चुकून भलत्याच जोडल्या तर परत वेगळ्या करता येतात का, हे तुमच्या एक्सेलच्या आधी विचारा.

आणि चिठ्ठीवर 'सकाळी १, रात्री १, जेवणानंतर' मराठीत छापून आलं पाहिजे. नाहीतर साठ जणांना ते मी तोंडाने सांगते.

कराडचा फिजिशियन

ताई, धागा तुम्हीच काढायला हवा होता. डेमोला आमच्या ताईंना बसवतो.

धडगाव

इथे पावसाळ्यात रेंज दोन-दोन दिवस नसते. चिपळूणच्या सरांचं दुःख समजतं, पण क्लाउड माझ्या कामाचा नाही. ऑफलाइन चालतं म्हणणारं एक घेऊन बघितलं. ऑफलाइनमध्ये जुनी हिस्ट्री दिसेना, फक्त नवी एंट्री घ्यायचं. जुनी हिस्ट्री हवी म्हणून तर सॉफ्टवेअर घ्यायचं ना! आता दवाखान्यातल्याच एका मशीनवर सगळं आहे, रात्री दोन डिस्क, एक माझ्यासोबत घरी जाते. डेमोत एवढंच करा, राउटरची वायर उपटा आणि म्हणा 'आता दाखव'.

आभा कार्डाचं (पेशंटच्या सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचं) कौतुक करणाऱ्यांनाही विचारतो. १४ आकडी नंबर काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल गुजरातेत मजुरीला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. मी पेशंट तपासू की मुलाला फोन लावत बसू?

इंग्लंडातला जीपी

मूळचा अमरावतीचा, इथे जनरल प्रॅक्टिस करतो. धागाकर्त्यांशी एका मुद्द्यावर असहमत. डेमोत एक्सेल मागून एकटा डॉक्टर जिंकणार नाही. इथे पेशंटने घर बदललं की त्याचं रेकॉर्ड जीपी-टू-जीपी नावाच्या व्यवस्थेतून नव्या दवाखान्यात जातं, दोन्हीकडे वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर असली तरी. मुख्य सॉफ्टवेअर दोनच, ईमिस आणि सिस्टिमवन, आणि त्यांच्या कंपन्यांना हे चांगुलपणाने सुचलेलं नाही, सरकारी आरोग्यसेवेने करायला लावलं. त्याआधी लॉइड जॉर्जच्या नावाने ओळखली जाणारी कागदी पाकिटं गावोगाव फिरायची. सगळं सुरळीत आहे असं नाही. काही रेकॉर्ड अर्धवट येतात, आणि स्क्रीनकडे बघून बोलण्याची सवय मलाही लागलीय.

तेव्हा आभा नंबर ज्याचा भाग आहे त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनला इतक्या सहज बाजूला सारू नका. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या त्या योजनेत पेशंटच्या संमतीने एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे रेकॉर्ड जावं, हीच मूळ कल्पना आहे आणि त्यासाठी एफएचआयआर हे आंतरराष्ट्रीय मानक धरलंय. जोडलेलं सॉफ्टवेअर घ्याल तर दार निदान भिंतीत आहे.

कराडचा फिजिशियन

दार आहे, पण ते पेशंटचं आहे. एकेका पेशंटच्या संमतीने एकेक रेकॉर्ड जाणार, ते योग्यच. माझा अख्खा दवाखाना या सॉफ्टवेअरमधून त्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा तर ती वाट वेगळी, आणि ती करारात लिहून घ्यावी लागते. तुमच्याकडे दवाखान्याच्या पाठीशी सरकार उभं आहे. माझ्या पाठीशी कंपाउंडर. धडगावच्या डॉक्टरांचा ओटीपीचा प्रश्नही तसाच राहतो, कारण आभा नंबर नसेल तर जोडायचं कशाला?

फुकट ते पौष्टिक

मोबाइलवर फुकटात मिळणारी अ‍ॅप्स आहेत की. एवढा काथ्याकूट कशाला?

बायोमेडिकल आणि कायदा

फुकटाचं एक उदाहरण. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी डॉक्टरांना जाहिरातींच्या जोरावर फुकट सॉफ्टवेअर द्यायची. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असताना स्क्रीनवर जी सूचना यायची, ती एका अफूजन्य वेदनाशामकांच्या कंपनीकडून पैसे घेऊन बेतलेली होती. जानेवारी २०२० मध्ये १४.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्याकडे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, निदान बाहेर बाकावर बसून असतो, दिसतो.

शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पेशंटच्या माहितीचे जबाबदार डॉक्टर. सॉफ्टवेअर कंपनी तुमच्या वतीने काम करणारी. तिच्याकडून फुटलं तरी उत्तर तुम्हालाच द्यायचंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची सवड आहे. सुरक्षेत हयगयीला दंडाची कमाल २५० कोटी. छोट्या दवाखान्याला एवढा लागेल असं कोणी म्हणत नाही, पण करारात 'आमची जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरती' असं वाक्य सापडलं तर सही करू नका. बहुतेक सापडेलच.

पस्तीस वर्षं पेन

दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यात बंद पडले, तेव्हा कामकाज कशावर चाललं? कागदावर. एवढं लिहून थांबतो. मात्र चिपळूणकरांचं वाचल्यापासून एक केलंय, जुन्या हार्टच्या पेशंटचे कागद नातवाकडून मोबाइलवर स्कॅन करून घेतोय. नातू पानामागे पाच रुपये घेतो.

चिपळूण, तळमजला

नातवाचा दर क्लाउडपेक्षा महाग आहे, सर.

कराडचा फिजिशियन

शनिवारी दुपारी एक कंपनीवाला येतोय. ताई शेजारी बसणार, राउटरची वायर मी उपटणार, आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवलाय, डेटा लगेच काढून घ्यायला.

कोथरूडचा कोडर

कंपनीवाल्याच्या लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह तुमच्या दवाखान्याच्या मशीनला लावू नका, एवढं ऐका. आणि तिसऱ्या खोट्या पेशंटचं नाव मराठीत टाका. एक्सेलमध्ये त्याचे चौकोन होतात का ते बघा.