मदत हवी आहे: वडिलांनी १९६४ ते १९६७ या काळात इंग्लंडमध्ये जमवलेल्या रेल्वेच्या छायाचित्रांची ओळख

नमस्कार.

माझे वडील मूळचे इचलकरंजीचे. वस्त्रोद्योगाच्या पुढील शिक्षणासाठी ते सप्टेंबर १९६४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स या शहरी गेले आणि डिसेंबर १९६७ मध्ये परतले. एप्रिल १९६६ मध्ये आईही विमानाने लंडनला पोहोचली आणि तेथून त्यांच्यासोबत आगगाडीने लीड्सला गेली. वडिलांना जाऊन आता सहा वर्षे झाली. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी सुती कापडात गुंडाळलेली कृष्णधवल छायाचित्रे, त्यांच्या निगेटिव्हची पाकिटे आणि रंगीत स्लाइडची एक डबी सापडली. नातेवाईक, खोली किंवा बर्फ अशी अपेक्षित छायाचित्रे त्यांत थोडीच आहेत. बहुतेक सर्व आगगाड्यांची आहेत. वडिलांना यंत्रांचे वेड होते हे आम्हाला ठाऊक होते, कारण मागाचा आवाज ऐकून त्याचा बिघाड ओळखणारा माणूस म्हणून गावात त्यांची ख्याती होती. तथापि, परदेशातील सुट्ट्या त्यांनी अशा तऱ्हेने घालवल्याचे त्यांनी आम्हाला कधीच सांगितले नाही.

आईचे वय आता ८१ आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे तिची दृष्टी झपाट्याने कमी होत असून, छायाचित्र पडद्यावर खूप मोठे करून दाखवले तरच तिला दिसते. ती पाहू शकते आणि सांगू शकते तोवर प्रत्येक छायाचित्राच्या मागे ठिकाण आणि निदान वर्ष तरी लिहून काढावे, अशी माझी तळमळ आहे. रेल्वेचे मला काहीही ज्ञान नाही, म्हणून येथे विचारत आहे. पुढील चार छायाचित्रांविषयी मार्गदर्शन हवे आहे.

पहिले छायाचित्र मला सर्वांत जास्त कोड्यात टाकते. वडील लांब कोट घालून एका वाफेच्या इंजिनाला टेकून उभे आहेत. चालकाच्या खोलीच्या बाहेरील बाजूवर क्रमांक रंगवलेला आहे, परंतु त्याचा पहिला आकडा वडिलांच्या खांद्याआड गेल्यामुळे फक्त ५५९३ एवढेच वाचता येते. त्याच जागी एक पांढरट तिरपी रेघ आहे. ती निगेटिव्हवर पडलेला चरा असावा असे मला वाटते. छायाचित्राची उजवी कड अस्पष्ट आहे. मागे वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आपले कोल्हापूर. हॉलबेक. रविवार.’ इंजिन तर उघडच इंग्लंडमधले आहे आणि त्यावर कोणतेही नाव दिसत नाही. मग येथे कोल्हापूर कोठून आले? घरात सर्वांचे मत असे पडले की वडिलांनी दुसऱ्याच कुठल्या तरी छायाचित्राचा मजकूर चुकून यावर लिहिला असावा. वडील असल्या चुका करणारे नव्हते, म्हणून मला ते पटत नाही. याच पाकिटात इंजिनाचे समोरून घेतलेले एक छायाचित्रही आहे. त्यात गोल दाराच्या खालच्या भागी एक छोटी लंबगोल पट्टी असून तिच्यावर ‘५५ ए’ असे वाचता येते.

दुसरे छायाचित्र आईचे आहे. इंग्लंडमध्ये उतरल्यानंतरचे हे तिचे पहिलेच छायाचित्र. काठाची साडी, तिच्यावर वडिलांचा कोट, पायात मोजे आणि चपला अशी ती फलाटावर उभी आहे. मागे गाडीचे डबे आहेत आणि डोक्यावर काच व लोखंड यांचे छत आहे. आई म्हणते की हे लंडनचे किंग्ज क्रॉस स्थानक. मात्र ती पुढे असेही सांगते की बाहेर आल्यावर वळून पाहिले तेव्हा ‘हे तर आपले बोरीबंदर’ असे उद्गार तिच्या तोंडून निघाले होते. मी किंग्ज क्रॉसची चित्रे शोधून पाहिली, पण मला तेथे बोरीबंदराशी साम्य असलेले काहीच आढळले नाही.

तिसरी एक रंगीत स्लाइड आहे. उजाड, झाडे नसलेल्या माळरानावर दगडी कमानींचा एक लांबच लांब पूल आणि त्यावर वाफ सोडत चाललेली गाडी. मी भिंगाखाली २४ कमानी मोजल्या. गाडीचे काही डबे तपकिरी लाल आहेत आणि काही निळ्या-करड्या रंगाचे आहेत.

चौथ्या छायाचित्रात एका लहान स्थानकाची बैठी दगडी इमारत आहे. तिच्या छताच्या तिकोनी टोकांना कोरीव लाकडी झालर लावलेली आहे आणि फलाटावरच्या बाकावर आई डबा उघडून बसली आहे. आईला हे स्थानक आठवत नाही. डब्यात मेथीचे ठेपले होते आणि ते शेजारच्या एका गुजराती कुटुंबाने दिले होते, हे मात्र तिला पक्के आठवते.

या सर्वांविषयी जी काही माहिती मिळेल ती मोलाची ठरेल. छायाचित्रे जपावी कशी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

– रंकाळा

प्रतिसाद (यॉर्कशायरवासी) :

आपल्या वडिलांची चूक झालेली नाही. त्या इंजिनाचे नावच ‘कोल्हापूर’ होते.

झाकला गेलेला आकडा ४ आहे. पूर्ण क्रमांक ४५५९३. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे या कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात विल्यम स्टॅनियर यांच्या आराखड्यानुसार १९१ प्रवासी इंजिने तयार करवून घेतली. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३५ मध्ये झाला, त्यावरून या वर्गाला ‘जुबिली’ असे नाव पडले आणि त्यातील पुष्कळ इंजिनांना तेव्हाच्या साम्राज्यातील प्रदेशांची नावे देण्यात आली. बॉम्बे, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद, म्हैसूर, भोपाळ अशी इंजिने त्यांत होती. कोल्हापूर हे इंजिन ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने डिसेंबर १९३४ मध्ये बांधले आणि तेव्हा त्याचा क्रमांक ५५९३ होता. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे सरकारी झाली, तेव्हा या कंपनीच्या इंजिनांच्या क्रमांकांत ४०,००० मिळवण्यात आले. म्हणजे योगायोगाने आपल्या वडिलांच्या खांद्याने नवा आकडा झाकला आणि मूळ क्रमांक तेवढा उघडा ठेवला.

नावाची पाटी चाकावरील कमानदार आच्छादनावर बसवलेली असे. वाफेच्या युगाच्या शेवटच्या वर्षांत संग्राहक या पाट्या पळवू लागल्यामुळे रेल्वेने अनेक इंजिनांवरील पाट्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या. त्यामुळे आपल्याला नाव दिसत नाही. आपल्या वडिलांनी मात्र केवळ क्रमांकावरून ते ओळखले. त्या काळी क्रमांक आणि नावे यांच्या छोट्या पुस्तिका मिळत आणि अशा पुस्तिका खिशात घेऊन फिरणारी मुले प्रत्येक स्थानकावर दिसत. आपल्या ट्रंकेत एखादी असेल तर जरूर पाहावी. तिच्यात पाहिलेल्या इंजिनांखाली रेघा मारलेल्या असतील.

हॉलबेक हे लीड्समधील इंजिन शेड. ‘५५ ए’ ही त्याच शेडची खूण होय. रविवारी गाड्या कमी असल्यामुळे शेड इंजिनांनी भरलेले असे आणि हौशी मंडळी परवानगी काढून, पुष्कळदा न काढताही, तेथे जात असत. आता त्या तिरप्या रेघेविषयी. तो चरा नसून पिवळा पट्टा आहे. क्रू या ठिकाणाच्या दक्षिणेस विजेच्या तारा घातल्यानंतर काही वर्गांच्या उंच इंजिनांना १ सप्टेंबर १९६४ पासून तेथे जाण्यास मनाई करण्यात आली, आणि ते लक्षात यावे म्हणून चालकाच्या खोलीवर हा पट्टा रंगवला जाई. जुबिली वर्गही त्यात होता. वाफेच्या इंजिनांसाठी हॉलबेक शेड ऑक्टोबर १९६७ च्या आरंभी बंद झाले आणि कोल्हापूरही त्याच महिन्यात सेवेतून निघाले. म्हणून छायाचित्र या दोन तारखांच्या दरम्यानचे आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट सांगताना मला खरोखर आनंद होतो. ते इंजिन भंगारात गेले नाही. १९१ पैकी फक्त चार जुबिली वाचल्या, त्यांत कोल्हापूर आहे. बर्मिंगहॅमजवळच्या टाइजली येथील वाफेच्या इंजिनांची जपणूक करणाऱ्या मंडळींनी ते १९६७ मध्येच विकत घेतले. उरलेल्या तीन जुबिली म्हणजे बहामाज, लिअँडर आणि गॅलेटिया.

आईंचे स्थानक किंग्ज क्रॉस नसून त्याला अगदी खेटून असलेले सेंट पँक्रस असावे. भुयारी रेल्वेच्या स्थानकाचे नावही दोन्ही मिळून एकच आहे, त्यामुळे हा गोंधळ सहज होतो. किंग्ज क्रॉसच्या फलाटांवर शेजारी शेजारी दोन कमानदार छते आहेत, तर सेंट पँक्रसला विल्यम बार्लो यांनी उभारलेली सुमारे ७३ मीटर रुंदीची एकच प्रचंड कमान असून ती मध्ये एकही खांब न घेता थेट फलाटाच्या पातळीपर्यंत उतरते. आपल्या छायाचित्रात डब्यांपलीकडे खांब दिसतात का, ते पाहावे. बोरीबंदराची आठवण तर निर्णायक आहे. सेंट पँक्रसच्या दर्शनी बाजूला लाल विटांचे, मनोरे आणि टोकदार कमानी असलेले भव्य हॉटेल आहे. ते आणि बोरीबंदर दोन्ही व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतले असून साम्य कोणाच्याही नजरेत भरते. तेथून लेस्टरमार्गे लीड्सला थेट गाड्या जात असत.

स्लाइडमधील पूल रिबलहेडचा आहे. सेटल ते कार्लाइल या मार्गावरील हा पूल १८७० च्या दशकात बांधला गेला, त्याला २४ कमानी आहेत आणि त्याची लांबी सुमारे ४०० मीटर आहे. निळा-करडा रंग १९६५ नंतर आला आणि जुने तपकिरी लाल डबे त्यानंतरही काही वर्षे धावत होते, म्हणून ही स्लाइड १९६६ किंवा १९६७ ची धरावी. १९६७ च्या उन्हाळ्यात शनिवारच्या काही गाड्यांना हॉलबेकच्या उरलेल्या जुबिलींपैकी अल्बर्टा आणि कोल्हापूर या मार्गावर जोडल्या जात असत आणि त्यांना पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येत. स्लाइड मोठ्या आकारात स्कॅन करून इंजिनाचा क्रमांक वाचता आला, तर कृपया येथे कळवावे.

चौथ्या छायाचित्राविषयी खात्री देता येत नाही. त्या मार्गावरील बहुतेक स्थानके मिडलँड रेल्वेने एकाच धाटणीत बांधली, आणि लाकडी झालर सर्वत्र आढळते. मागे डोंगराची कड, पादचारी पूल किंवा सिग्नलची खोली दिसत असल्यास सांगावे.

प्रतिसाद (जुनी निगेटिव्ह) :

जपणुकीविषयी थोडेसे. आपल्याकडे निगेटिव्ह आहेत हे मोठे भाग्य आहे, म्हणून छपाईपेक्षा निगेटिव्हचेच स्कॅन आधी करावे. छपाईत बुजलेले आकडे त्यात वाचता येतात. छपाईसाठी इंचाला ६०० बिंदू पुरतात. स्लाइडसाठी मात्र २४०० च्या खाली जाऊ नये. छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी, जशी आपल्या वडिलांनी वापरली. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. आपल्या भागातील पावसाळा पाहता सर्वांत मोठा शत्रू बुरशी आहे. आम्लरहित कागदाची पाकिटे, हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या अशी व्यवस्था करून जूनपूर्वी डबा बंद करावा. पुड्या दर वर्षी बदलाव्यात. वडिलांचा मजकूर असलेली बाजूही स्कॅन करून ठेवावी, कारण तीही छायाचित्राइतकीच महत्त्वाची आहे.

रंकाळा :

आपणा दोघांचे आभार कसे मानावेत, हे मला समजत नाही. प्रतिसाद वाचून मी आईजवळ बसले आणि ‘कोल्हापूर’ची हकीकत तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती ऐकत असतानाच तिने छायाचित्र पुन्हा मोठे करून दाखवायला सांगितले आणि म्हणाली, ‘अगं, हा फोटो मीच काढला आहे.’

वडील स्वतः चित्रात आहेत, तेव्हा कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असणार, हा साधा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. तिने प्रथमच कॅमेरा हातात धरला होता आणि बटण दाबताना तिचा हात हलला. उजव्या कडेची अस्पष्टता त्यामुळे आली आहे. शेडमध्ये सर्वत्र काजळी होती, साडीचा काठ खराब होईल म्हणून तिने तो हातात धरला होता, आणि वडील त्या इंजिनाला हात लावून बराच वेळ काही न बोलता उभे होते, एवढे तिला आठवले. ती एप्रिल १९६६ मध्ये तेथे पोहोचली, म्हणून छायाचित्र त्यानंतरचे आणि सप्टेंबर १९६७ च्या अखेरीपूर्वीचे ठरते. वडील कोटात आहेत, त्याअर्थी १९६६-६७ चा हिवाळा किंवा त्याच्या आगेमागेचे दिवस असावेत.

दुसऱ्या छायाचित्रात डब्यांपलीकडे एकही खांब नाही, आणि छताची कड सरळ खाली उतरलेली स्पष्ट दिसते. त्यामुळे मागे ‘सेंट पँक्रस, एप्रिल १९६६’ असे मी पेन्सिलीने लिहिले आहे. आईने आधी हरकत घेतली. सेंट पँक्रसच्या दर्शनी बाजूचे चित्र दाखवल्यावर मात्र तिने ते मान्य केले.

स्लाइड स्कॅन करण्यासाठी पुण्यात दिली आहे. क्रमांक वाचता आल्यास येथेच कळवीन. पुस्तिका मात्र अजून सापडलेली नाही, ट्रंकेतील कागद एकेक करून पाहत आहे.

आता चौथे छायाचित्र तेवढे उरले आहे. निगेटिव्ह मोठी करून पाहिल्यावर बाकाच्या मागे पादचारी पुलाचा जिना दिसतो आणि इमारतीच्या डाव्या बाजूला दूरवर एका टेकडीचा सपाट माथा दिसतो. सावली बाकाच्या पुढे, रुळांच्या दिशेने पडली आहे. त्या मार्गाने प्रवास केलेल्या कोणास यावरून स्थानक ओळखता आले, तर कृपया सांगावे. त्या दिवशी गाडी दीड तास उशिरा आली होती आणि स्थानकावरच्या माणसाने दोघांना आत शेकोटीजवळ बसवले होते, असे आईला आज सकाळी आठवले आहे.