चूक ‘मेक’ की ‘डू’?

प्रश्न: सातवीतल्या लेकाने लिहिलं, ‘आय डिड अ मिस्टेक.’ बाईंनी लाल रेघ मारली. का, ते मला सांगता येईना. आपण चूकही करतो, अभ्यासही करतो. इंग्रजांचं काय बिनसलंय?

उत्तर: तीस वर्षं शिकवतोय, पक्का नियम सापडला नाही. चूक, आवाज, निर्णय ‘मेक’. गृहपाठ, भांडी ‘डू’. जोडीनेच पाठ करून घ्या. आपण तरी काय, फोटो काढतो, परीक्षा देतो. तिकडे दोन्ही ‘टेक’!

प्रश्नकर्ती: अगंबाई! मी जन्मभर ‘गिव्ह एक्झाम’ म्हणत आले.

उत्तर: आपल्याकडे चालतं, लंडनला खटकेल. आणि दिवा ‘क्लोज’ नका करू, ‘स्विच ऑफ’ करा. यावरून माझी सून अजून हसते.