मधुमेहाच्या औषधाची विक्री वाढली म्हणजे कंपनी सावरली, असे मानावे का?

धागाकर्ता, लातूर

अफ्रेझा हे कोरड्या भुकटीच्या रूपात तोंडाने श्वासावाटे ओढायचे इन्सुलिन बनवणाऱ्या मॅनकाइंड कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे शेअर एलआरएसच्या (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) मार्गाने घेणारे काही जण आपल्या भागातही आहेत. (2023 मध्ये आपल्या बाजारात नोंदणी झालेल्या मॅनकाइंड फार्माशी या कंपनीचा काहीही संबंध नाही, नावामुळे गल्लत होते म्हणून आधीच सांगतो.) सिप्लाने 2018 मध्ये या औषधाच्या भारतातील विक्रीचे हक्क घेतले आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, त्यामुळे या विषयाकडे आता सिप्लाचे भागधारकही लक्ष देऊ लागले आहेत.

माझा आक्षेप या औषधाची प्रगती मोजण्याच्या पद्धतीवर आहे. अमेरिकेत दर आठवड्याला किती प्रिस्क्रिप्शनांवर दुकानातून औषध घेतले गेले याचे आकडे खासगी संस्था विकतात, आणि या कंपनीचे गुंतवणूकदार गेली अनेक वर्षे त्या आकड्यांवर आशा आणि निराशा ठरवत आले आहेत. एका आठवड्यात आकडा थोडा वर गेला की कंपनी सावरली आणि सुट्टीच्या आठवड्यात घसरला की बुडाली, असे निष्कर्ष काढले जातात. एकूण प्रिस्क्रिप्शनांपैकी नवीन रुग्णांची किती आणि जुन्या रुग्णांची रिपीट किती, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय त्या बेरजेला माझ्या मते काही किंमत नाही. मधुमेहाचे औषध आयुष्यभर घ्यायचे असते. शंभर नवे रुग्ण येऊन त्यांतले बहुतेक तिसऱ्या महिन्यात पुन्हा पेनच्या सुईकडे वळत असतील, तर वाढलेला आकडा हा खर्चिक प्रचाराचा पुरावा ठरतो, औषध रुजल्याचा नव्हे.

प्रतिसाद : गुंतवणूकदार, छत्रपती संभाजीनगर

आपले म्हणणे तत्त्वतः मान्य केले तरी 2015 चा अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. अफ्रेझाला जून 2014 मध्ये अमेरिकी मंजुरी मिळाली, सनोफीसारख्या बलाढ्य कंपनीने ऑगस्टमध्ये करार केला, त्यात 15 कोटी डॉलर सुरुवातीलाच दिले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये औषध बाजारात आले. त्यानंतर साप्ताहिक आकडे सपाट राहिले. तेव्हा अनेक जण आपल्याप्रमाणेच म्हणत होते की घाई करू नका, डॉक्टरांना सवय होऊ द्या, विमा कंपन्यांची मान्यता येऊ द्या. जानेवारी 2016 मध्ये सनोफीने करार मोडला आणि शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. साप्ताहिक आकडे गांभीर्याने घेऊन आधीच बाहेर पडलेल्यांचे पैसे वाचले. आकडा अपुरा असेल, पण तो खोटे बोलत नव्हता.

शिवाय हा पहिला इशाराही नव्हता. फायझरचे एक्झुबेरा हे श्वासावाटे घ्यायचे इन्सुलिन 2006 मध्ये मंजूर झाले आणि ऑक्टोबर 2007 मध्ये फायझरने 2.8 अब्ज डॉलरचा बोजा सोसून ते बंद केले. पाठोपाठ 2008 मध्ये नोव्हो नॉर्डिस्क आणि लिली यांनीही आपले असे प्रकल्प गुंडाळले.

प्रतिसाद : मधुमेहाचे रुग्ण पाहणारा डॉक्टर, नांदेड

विक्री का अडली हे न पाहता आकड्यांवर वाद घालणे मला अपुरे वाटते. औषध म्हणून अफ्रेझात खरे गुण आहेत : सुमारे बारा मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि मात्रेनुसार दीड ते तीन तासांत ओसरतो, त्यामुळे जेवणानंतर चढणारी साखर आवरते आणि नंतर ती फार उतरण्याची भीती कमी होते. मात्र दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांना ते देता येत नाही, धूम्रपान करणाऱ्यांना त्याची शिफारस नाही, आणि सुरू करण्यापूर्वी, सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी फुप्फुसांची तपासणी करावी लागते. अमेरिकेतील गजबजलेल्या दवाखान्यातसुद्धा हे जास्तीचे काम आहे. आमच्याकडे अर्धे आयुष्य चुलीच्या धुरात काढलेल्या स्त्रियांची फुप्फुसे तपासायची तर त्यांना तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागते. त्यातच हवाबंद पाकीट फ्रिजबाहेर दहा दिवस आणि उघडलेली पट्टी तीन दिवसच चालते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, वीज जाते-येते अशा घरात, हे कसे सांभाळायचे? म्हणून रिपीट कमी असेल तर दोष प्रचाराचा की औषधाच्या अटींचा, हेही गुंतवणूकदाराने विचारले पाहिजे.

प्रतिसाद : औषधांचा स्टॉकिस्ट, परभणी

आमच्या व्यवहारात प्रायमरी सेल म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला दिलेला माल आणि सेकंडरी सेल म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानदाराकडे गेलेला माल. महिनाअखेरीस टार्गेट पूर्ण करण्यासाठी एमआर (कंपनीचे विक्री प्रतिनिधी) आणि त्यांचे मॅनेजर गोदामात माल भरतात, कागदावर विक्री दिसते आणि दोन महिन्यांनी एक्स्पायरीचे खोके परत जातात. प्रिस्क्रिप्शनचा आकडा रुग्णाच्या हातात गेलेल्या औषधाचा असतो, म्हणून तिमाही अहवालातील विक्रीपेक्षा माझा विश्वास त्याच्यावरच अधिक आहे. धागाकर्त्यांनी नेमका जवळचा पुरावा टाकून दूरचा स्वीकारला आहे, असे मला वाटते.

धागाकर्ता, लातूर

स्टॉकिस्ट महोदयांचा मुद्दा वजनदार आहे आणि रुग्णापर्यंत गेलेल्या मालालाच विक्री म्हणावे, याबद्दल आमच्यात मतभेद नाही. परंतु माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे आणि ती संभाजीनगरच्या मित्रांच्या उत्तरात सुटली. 2017 मध्ये अफ्रेझाची निव्वळ विक्री सुमारे 90 लाख डॉलर होती, 2019 मध्ये ती अडीच कोटींच्या आसपास गेली आणि 2024 मध्ये सुमारे 6.4 कोटी डॉलर झाली. सात वर्षांत सातपट वाढ ही कोणत्याही मापाने प्रगतीच आहे. तरीही त्या विक्रीने कंपनी तरली नाही, कारण तोपर्यंत साचलेला तोटा अब्जावधी डॉलरचा होता. संस्थापक आल्फ्रेड मान यांनी स्वतःची प्रचंड संपत्ती यात ओतली होती, आणि ते 2016 मध्ये वारले. रोकड संपत आली की नवे शेअर काढायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. मार्च 2017 मध्ये तर पाच शेअरांचा एक करावा लागला. विक्री वाढत असताना जुन्या भागधारकाचा वाटा मात्र पातळ होत गेला.

कंपनीला खरा श्वास मिळाला तो दुसऱ्याच औषधातून. त्याच कोरड्या भुकटीच्या तंत्रावर बनलेले, फुप्फुसांतील रक्तदाबावरचे टायव्हासो डीपीआय 2022 मध्ये मंजूर झाले आणि युनायटेड थेरप्युटिक्सकडून मिळणारी त्याची रॉयल्टी 2024 मध्ये 10 कोटी डॉलरच्या वर गेली, म्हणजे अफ्रेझाच्या संपूर्ण विक्रीपेक्षा जास्त. साप्ताहिक प्रिस्क्रिप्शन मोजत बसलेल्या माणसाला हे त्या आकड्यांत कधीच दिसले नसते. म्हणून अडचणीतल्या औषध कंपनीबाबत मी आधी विचारीन की हाती असलेली रोकड किती महिने पुरेल, आणि ती संपेपर्यंत रिपीटवर उभी राहिलेली विक्री खर्च भागवू शकेल का.

प्रतिसाद : गुंतवणूकदार, छत्रपती संभाजीनगर

रोकडीचा प्रश्न मी मान्य करतो आणि तो माझ्या उत्तरात यायला हवा होता, हेही खरे. पण टायव्हासोच्या उदाहरणावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. दुसऱ्या औषधाने कंपनी वाचवली याचा अर्थ पहिल्या औषधाबद्दलचा बाजाराचा निर्णय बरोबर होता, आणि तो निर्णय साप्ताहिक आकड्यांतच सर्वांत आधी दिसला होता. रोकडीची स्थिती तिमाही अहवालातून कळते, म्हणजे तीन-तीन महिने उशिरा. तोपर्यंत नवे शेअर काढून झालेले असतात. सिप्लासारख्या मोठ्या कंपनीच्या पसाऱ्यात या एका औषधाने ताळेबंद हलणार नाही, त्यामुळे तिच्या भागधारकांनी धीर धरावा हे ठीक. ज्याचा सगळा पैसा एकाच औषधाच्या कंपनीत आहे, त्याला तीन महिने थांबण्याचा सल्ला मी देणार नाही.