'यू डिडन्ट पे?' – 'येस!' : चूक म्हणायची की आपली रीत?

खडूवाली
इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. नकाराचा विषय निघाला की सगळे 'आय डोन्ट नो नथिंग'सारख्या दुहेरी नकारावर तुटून पडतात, पण आपली मुलं ती चूक फारशी करतच नाहीत. त्यांची गाडी अडते उत्तरात. 'यू हॅवन्ट पेड द फी?' असं विचारलं की मान हलवून म्हणतात 'येस'. म्हणजे 'हो, नाही भरली'. आपलं 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतं. इंग्रजीतलं येस-नो पुढच्या क्रियापदाला बांधलेलं असतं. फी भरली असेल तर येस, नसेल तर नो, मग प्रश्न सरळ असो की उलटा. माझं मत स्पष्ट आहे: 'येस, आय हॅवन्ट'ला लाल रेघ, आणि तीही पहिल्याच महिन्यात. सोबतचे शिक्षक म्हणतात, भारतीय इंग्रजी आहे, चालवून घ्या. मला नाही पटत.

तिखटमीठ
लाल रेघ कशासाठी? इंग्रजांचंच कुठे कायम ठरलेलं होतं! पूर्वी त्यांच्याकडे चार शब्द होते. सरळ प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. टिंडेलने बायबलच्या भाषांतरात 'नो' आणि 'ने'ची गल्लत केली म्हणून त्याचा विरोधक, इंग्रज लेखक थॉमस मोरने 1532 मध्ये त्याला झापलं होतं. पुढे चाराचे दोन उरले आणि जगबुडी झाली नाही. फ्रेंचांकडे उलट्या प्रश्नाला खोडून काढायला 'सी' आहे, जर्मनांकडे 'डॉख'. जपानी माणूस तर आपल्यासारखंच 'हाय' म्हणून नकाराला होकार देतो. यात तर्कबिर्क काही नाही, नुसती वहिवाट आहे.

खडूवाली
वहिवाट आहे म्हणूनच शिकवायची ना? रस्त्याने डावीकडून चालायचं हीसुद्धा वहिवाटच.

रात्रपाळी
अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतो. 'सो यू कान्ट कॅन्सल इट?' असं तिकडून येतं, नवा मुलगा नम्रपणे 'येस सर' म्हणतो, आणि ग्राहक समजतो ऑर्डर रद्द होणार. मग दोन दिवसांनी शिव्या. आम्ही नव्यांना एवढंच सांगतो, 'दॅट्स राइट, वी कान्ट' म्हणा. 'राइट' समोरच्याच्या म्हणण्याला लागतं, अगदी आपल्या 'हो'सारखं. व्याकरण शिकवत बसायला आम्हाला वेळ नसतो.
बाकी गोरेही काही कमी नाहीत. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?'ला 'शुअर, गो अहेड' म्हणतात. शब्दशः घेतलं तर 'हो, हरकत आहे, बसा'!

तिखटमीठ
बघा. त्यांनी केलं की बोलभाषा, आपण केलं की चूक.

ओसरी
मूळ मुद्द्यातच थोडी गडबड आहे. मराठीत तरी प्रत्येक वेळी 'हो' कुठे म्हणतो आपण? 'जेवला नाहीस का अजून?'ला घरोघरी 'नाही ना' असंच उत्तर येतं. 'तू काल आला नव्हतास ना?' असं खात्री करून घेण्यासाठी विचारलं की मात्र 'हो, नव्हतो'. म्हणजे प्रश्नाच्या शेवटी येणाऱ्या 'का' आणि 'ना' यांचा फरक आहे. पोरांना नियम सांगण्याआधी हा फरक त्यांच्याच मराठीतून दाखवा, अर्धं काम होईल.

खडूवाली
हे आवडलं. वर्गात वापरणार.

काळाकोट
कोर्टात नुसत्या येस-नोवर कोणी विसंबत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराचं उत्तर पूर्ण वाक्यात उतरवतात: 'हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो.' दोन नकार आहेत, पण अर्थ एकच निघतो. मुलांना पूर्ण वाक्याची सवय लावा, येस-नोचं भांडणच मिटेल.

बारावीचा_बाप
पूर्ण वाक्यात तर आणखी मजा. आमचे चिरंजीव लिहितात, 'अनलेस यू डोन्ट पे द फी, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.' म्हणजे फी भरली तर हॉल तिकीट नाही! 'भरत नाहीस तोवर'मधला 'नाही' तसाच उचललाय. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे हे लक्षातच येत नाही. 'अनटिल ही डोन्ट कम' तर मी ऑफिसच्या मेलमध्येही पाहतो. याला कोणी 'आपली रीत' म्हणणार असेल तर माझा नमस्कार.

तिखटमीठ
हे वाचून फी न भरता कोणी बसला का? अर्थ सगळ्यांना बरोबर कळतो. चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरने सरदाराच्या वर्णनात दोन ओळींत चार नकार घातलेत, तोही कळतो. लोथसारख्या व्याकरणकारांनी अठराव्या शतकात 'दोन नकार एकमेकांना मारतात' हा गणिती नियम लादला, आणि आपण तो अजून वाहतोय.

ओसरी
लोथवर सगळं ढकलू नका. त्याच्या आधीच लिखाणातून दुहेरी नकार मागे पडत चालला होता, त्याने फक्त शिक्का मारला. आणि चॉसरचे चार नकार एकमेकांना जोर देतात, 'अनलेस यू डोन्ट' अर्थ उलटा करतो. दोन्ही एका पारड्यात कसे?

बारावीचा_बाप
शिवाय करारनाम्यात 'अनलेस ही डोन्ट पे' आलं तर काळाकोटसाहेबांची चांदी.

काळाकोट
आमची हरकत नाही!

खडूवाली
ठीक. 'अनलेस'ला लाल रेघ राहणार, त्यावर चर्चा नाही. 'येस, आय हॅवन्ट'ला तोंडी मार्क कापणार नाही, पण लगेच पूर्ण वाक्य म्हणून घेणार. लेखी पेपरात मात्र कापणार.

तिखटमीठ
लेखी पेपरात असा प्रश्न येतोच कधी?