‘बॅरिअर’ला मराठीत काय? अवरोध, अडसर की उघाडी

खाडीकाठ : विज्ञानपुस्तिकेत वाक्य आहे, ‘भूमध्य समुद्र आणि सहारा हे जनुकप्रवाहाचे बॅरिअर आहेत.’ (जनुकप्रवाह म्हणजे ये-जा नि लग्नसंबंधांतून एका वस्तीतली जनुकं दुसरीत जाणं.) मी ‘अडथळे’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘अवरोध’ केलं. अवरोध म्हटलं की मलावरोधच आठवतो. दुसरं काही?

शुद्धमती : अवरोधच बरोबर. परिभाषेचा शब्द एकार्थी हवा. अडथळा काय, रस्त्यात बसलेली म्हैसही असते.

रेवसकर : मग ‘अडसर’ घ्या. दाराचा अडसर काढता येतो, घालता येतो. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारात तळी होती, गवत होतं, माणसं आरपार ये-जा करत. नंतर वाळवंट झालं. उलट जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम १४ किमी रुंद, पण उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर पुरुषांत सर्रास आढळणारी ई-एम८१ ही वाय-रेषा (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची वंशरेषा) पलीकडच्या इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात, मोजकीच सापडते.

चिपळूणी : सगळे शब्द पाणी अडवणारेच का? दाभोळ-धोपावे खाडी फेरीबोटीने काही मिनिटांचं, रस्त्याने मोठा वळसा. होडीवाल्याला खाडी हाच रस्ता. कोकणातले ज्यू बेने इस्रायल नि आफ्रिकी वंशाचे सिद्दी समुद्रानेच आले ना! २०१६च्या अभ्यासात बेने इस्रायलांत स्थानिक भारतीय आणि मध्यपूर्वेतल्या ज्यू, दोन्ही वंशरेषा निघाल्या. म्हणून माझं मत ‘उघाडी’. खारबंदिस्तीतली (खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधातली) झडप ओहोटीला आतलं पाणी सोडते, भरतीला मिटते. एकतर्फी प्रवाहाला याहून नेमका शब्द नाही.

शुद्धमती : उघाडी पेण-अलिबागबाहेर कोणाला कळणार? विदर्भातल्या मुलाने काय करायचं?

रेवसकर : त्याआधी, तो अडसर समुद्राचाच आहे हे कसं ठरवलं? इथे सगळे घसरतात. खाडीच्या एका काठाला एका जातीचे नमुने घेतले, दुसऱ्या काठाला दुसऱ्या जातीचे, तर फरक लग्नसंबंधांचा निघतो आणि बिल खाडीच्या नावाने फाटतं. दोन्ही काठांवरचे कोळीच घ्या. जवळचे नातेवाईक वगळा. मधली गावंही घ्या, नाहीतर हळूहळू बदलणारी उतरंड दोन वेगळे गट म्हणून दिसते. अंतर वाढलं की फरक वाढतोच, त्यापेक्षा जो जास्त उरतो तोच अडसर.

चिपळूणी : आकडा सांगा ना. जनुकशास्त्रज्ञ राईटच्या सूत्रात एफएसटी ≈ १/(४एनएम+१). एफएसटी म्हणजे दोन वस्त्यांतला जनुकीय फरक, शून्य म्हणजे फरक नाही; एनएम म्हणजे दर पिढीला बाहेरून येणारी माणसं. पिढीला एकच माणूस आला तर ०.२, दहा आले तर ०.०२४. थोड्या होड्याही पुरतात.

रेवसकर : हे समतोल साधल्यावरचं आणि बेटांच्या आदर्श नमुन्यातलं, जिथे सगळ्या वस्त्या सारख्या आकाराच्या आणि ये-जाही सारखीच धरलेली असते. शिवाय वस्ती लहान असेल तर समुद्र नसतानाही ड्रिफ्टने, म्हणजे पिढीगणिक निव्वळ योगायोगाने होणाऱ्या बदलाने, फरक पडतो. जनुकाचं एखादं रूप वस्तीत ५० टक्के आहे, तर २० माणसांत एका पिढीत ते साधारण ८ टक्केबिंदू इकडेतिकडे होतं, २,००० माणसांत ०.८.

खाडीकाठ : ड्रिफ्टला तुम्ही काय लिहिता? ‘विचलन’ हा शब्द संख्याशास्त्रातल्या प्रमाण विचलनाने (स्टँडर्ड डेव्हिएशन) आधीच अडवलाय.

शुद्धमती : ‘अपवाह’.

चिपळूणी : अपवाहाला दिशा असते, ड्रिफ्टला नसते. इंजिन बंद पडलेली होडी भरकटते. ‘जनुकीय भरकट’.

शुद्धमती : ‘भरकट’ हे नाम कधीपासून झालं? भरकटणं म्हणा.

चिपळूणी : ‘घसरणं’वरून ‘घसरण’ चालते, मग ‘भरकट’ने काय पाप केलं?