आईला ‘६० टक्के’ कसे समजावू?

निशिगंध:
आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट साधारण ६० टक्के." तेव्हापासून आई एकच धरून बसलीय, ‘माझी पाच वर्षं उरलीत.’ कपाट आवरायला काढलंय, कुणाला काय द्यायचं ते सांगत बसते. समजावायला जाते आणि मलाच रडू फुटतं. नेमकं काय बोलू?

केमोवॉर्डची ताई:
निशिगंध, वॉर्डात हे नेहमी ऐकते, शिकलेल्या माणसांकडूनही. अगं, पाच वर्षांनी किती जण हयात आहेत याची ती मोजणी. त्यातले कितीतरी पुढेही वर्षानुवर्षं जगतात.

मी टक्के तोंडी सांगत नाही. वहीच्या पानावर दहा ओळींत शंभर गोल काढते आणि पेन पेशंटच्या हातात देते. साठ गोल त्यांनीच रंगवायचे. रंगवता रंगवता मनातलं बाहेर येतं, "मी यातली कुठली?" ते कुणालाच सांगता येत नाही, हेच खरं उत्तर, आणि तसंच द्यावं. उरलेले चाळीस झाकू नकोस. आईला ते दिसतातच. आपण टाळलं की ती पुढचंही खरं मानत नाही.

पण आधी विचार, "आई, तुला आकडे ऐकायचेत का?" काहींना नको असतात. मग वही काढायचीच नाही.

जुना पेशंट:
ताईंचं पटलं. आकडा कुठल्या स्टेजचा, कुठल्या वयाच्या आणि कोणत्या सालच्या पेशंटांचा, तेही विचारा. पाच वर्षांचा निकाल हाती यायचा तर ते पेशंट त्याहून आधीचे असणार, नवे उपचार त्यात कुठून येतील? मला सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. २००१ मध्ये त्यावरच्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली, पण मी वाचलेले आकडे त्याआधीचे होते. विनाकारण हादरलो. गोळ्या आजही चालू आहेत.

निशिगंध:
पहिलं वर्ष नीट गेलं तरी ६० चे ६०च राहतात का?

केमोवॉर्डची ताई:
नाही गं. तिथून पुढचा हिशेब नव्याने मांडतात. आतड्याचा कॅन्सर उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त. ती पार पडली की शक्यता सहसा सुधारते. म्हणून सुरुवातीला तपासण्या जवळजवळच्या तारखांना असतात. त्यातली एकही चुकवू नका.